तारेचं दक्षिणेकडचं टोक

बुधवार, १८ सप्टेंबर

लॉकी,

काल, मंगळवारी, सतरा सप्टेंबरला, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तू माझी दोरी कापलीस. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण रेडिओचं घड्याळ माझ्या समोर होतं आणि हेडफोन कानांवर होते. आधी खरखर ऐकू आली, मग त्या खरखरीच्या आत कुठेतरी एक आवाज, आणि मग काहीच नाही. उठून खिडकीशी गेले तर तू बर्चखाली उभा. हातात शेवंडांच्या पिंजऱ्यांच्या दोऱ्या कापायची सुरी, आणि माझी तार तुझ्या बटाट्यांत लोळतेय. तू वर पाहिलंस. मला पाहिलंस. आणि मासा साफ केल्यासारखी सुरी विजारीला पुसून घरात गेलास.

ते बर्चचं झाड हद्दीवर आहे. बाबांनी जमिनीच्या दोन पट्ट्या केल्या, रस्त्यापासून समुद्रापर्यंत, उत्तरेची मला आणि दक्षिणेची तुला, तेव्हा मोजणीदाराने त्याच झाडावर खूण केली होती. म्हणजे अर्धं झाड माझं आहे. दोरी मी माझ्या अर्ध्याला बांधली होती.

तुझ्या दारावर येऊन हे बोलता आलं असतं, पण तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मीही बंद दारांशी बोलायचं सोडून दिलंय. या गावचं पोस्ट मी निवृत्त होईपर्यंत चालवलं. शेजाऱ्याला निरोप कसा पोचवायचा ते मला कळतं.

तू काय तोडलंस ते तुला समजलेलं नाही, म्हणून सांगते. ती कपडे वाळत घालायची तार नव्हती. ती अँटेना होती, आणि ती मी माझ्या हातांनी केली होती. हिवाळाभर अभ्यास करून बसने आपल्या इथल्या सिडनीला जाऊन रेडिओ परवान्याची परीक्षा दिली. मला नातवंडं असती तर त्यांच्या वयाची पोरं शेजारी बसली होती. मी विशेष श्रेणीत पास झाले. सिस्टर सेंट इग्नेशियस आम्हाला पट्टीच्या धाकाने अंकगणित शिकवायच्या. ती पट्टी या वयात उपयोगी पडली. ज्या लहरींवर बोलायचं त्यावरून तारेची लांबी काढायची, तिचे दोन सारखे भाग करायचे, मधोमध केबल जोडायची. पहिल्या खेपेला मी अख्खी लांबी एकेका बाजूला कापली आणि अंगणात दुप्पट तार पसरून बसले. पण लांब तार तोडता येते, आखूड वाढवता येत नाही, त्यामुळे नुकसान झालं नाही. टोकांना लावायचे तुकडे स्वयंपाकघरातल्या भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या फळीतून करवतले. झाळ देताना दोनदा बोट भाजलं. मग एक टोक चिमणीला आणि दुसरं बर्चला. उन्हाळाभराचं काम तू एका फटक्यात खाली पाडलंस.

काय ऐकत होतीस, असं विचारशील. होडीवाल्यांच्या गप्पा. रोज संध्याकाळी पाचला अटलांटिकवरचे लोक एका ठराविक जागी जमतात, आपण कुठे आहोत ते सांगतात, वाऱ्याबद्दल कुरकुरतात. करमणूक आहे. म्हाताऱ्या बाईला करमणूक नको का? काल त्या वेळी नेमकं मला काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते विचारायचा तुला हक्क नाही.

दोरी होती तशी बांधून दे. आज. उद्या नाही.

सेडी

---

गुरुवार, १९ सप्टेंबर

लॉकी,

दोरी तर बांधली नाहीसच, वर बर्चला पाटी ठोकलीस: ‘खाजगी जागा’. पाटी माझ्या अर्ध्यावर ठोकली आहेस.

को-ऑपच्या दुकानात काय बोललास तेही कळलं. गल्ल्यावर फ्लोरा असताना गावात गुपित राहत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे मला कळावं म्हणूनच बोललास. “सेडी आता रशियाशी बोलते,” म्हणालास. “जमिनीवर नवरा मिळाला नाही, म्हणून आकाशात शोधतेय.” फ्लोरा हसली असं तिने स्वतःच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, “राग मानू नकोस हं, सेडी, पण म्हणाला चांगलं.” मला राग नाही. जमिनीवर मला जे मिळाले असते ते सगळे मी पोस्टाच्या खिडकीतून रोज पाहत होते. आकाशच बरं.

तार मी कपड्यांच्या खांबाला बांधली आहे. खांब ठेंगणा आहे. काल पाचला बर्म्युडाचा माणूस ऐकू आला. तो रोज सगळ्यांची हजेरी घेतो, हळूहळू बोलतो, एखाद्या फादरसारखा. तो शेजारच्या खोलीत असल्यासारखा येतो. बाकी कुणीच नाही. तो कुणाला तरी विचारत होता, “पुन्हा सांगा, पुन्हा सांगा,” आणि ज्याला विचारत होता त्या जागी मला नुसती खरखर. हजेरी संपल्यावरही मी तशीच बसून होते. चहा गार झाला, मग उठून ओतून दिला.

तुला एक विचारायचं आहे. रागाने नाही, माहितीसाठी. तुझं आयुष्य समुद्रावर गेलं, शेवंडांच्या मागे का होईना. माझ्या ओळखीच्या एका बाईचा प्रश्न आहे. शिडाच्या होडीची डोलकाठी मोडून पडली, म्हणजे नुसता बुंधा उरला, तर ती होडी जास्त हेलकावते की कमी? मला वाटायचं, वरचं वजन गेलं की शांत होईल. आमच्या रेडिओ क्लबातला बुद्रो म्हणतो उलट. त्याच्यावर माझा विश्वास नाही, तो दातांचा डॉक्टर होता. आणि एकटं माणूस असेल, हाताला लागलेलं असेल, तर उरलेल्या बुंध्याला चादर बांधून दिवसात किती अंतर कापता येईल? दक्षिणेकडून वादळ वर येतंय असं रेडिओवर म्हणाले. ते इकडे कधी पोचेल, तुझा गुडघा काय सांगतो?

त्या बाईला लवकर कळवायचं आहे. फ्लोराकडे निरोप ठेवलास तरी चालेल.

सेडी

---

शुक्रवार, २० सप्टेंबर, सकाळी

लॉकी,

फ्लोराने दुकान उघडायच्या आधी मला फोन केला. तू तिला सांगितलंस म्हणे: “तिला सांग, डोलकाठी गेलेली होडी रिकाम्या पिंपासारखी लोळते. आतल्या माणसाला झोपता येत नाही, धड उभं राहता येत नाही. आणि विचार, कुणाची होडी.”

मग फ्लोरा म्हणाली, “लॉकी हसत नव्हता, सेडी.”

कुणाची होडी. मला वाटलं होतं तू ओळखशील आणि मला सांगावं लागणार नाही. मी शब्द दिला होता. मेरी माउलीच्या तसबिरीसमोर फोन कानाला लावून दिला होता, आणि आज तो मोडतेय. तेव्हा हे उभ्याने वाचू नकोस.

ऊनाची होडी, लॉकी. तुझ्या ऊनाची.

ऑगस्टमध्ये तिने अझोर्स बेटांवरून मला फोन केला. “आत्या, मी निघतेय,” म्हणाली. “बाबांना सांगू नकोस. मी पोचेन, तुमच्या दोघांच्या दारासमोर नांगर टाकेन, आणि मग ते बघू देत काय बघायचं ते.” मी विचारलं, आणि मला कसं कळणार तू कुठे आहेस? ती म्हणाली, “तुझ्याकडे रेडिओ आहे ना. रोज पाचला मी हाक मारेन. तू नुसती ऐक.” तिने होडी घेतल्यापासून मी हे सगळं कशासाठी शिकत होते असं तुला वाटलं? रशियासाठी?

रविवारी तिची डोलकाठी पडली. सॅटेलाइट फोन डोलकाठीबरोबर पाण्यात गेला. रेडिओची तारही तशीच गेली, मग तिने होडीवर जे होतं त्यातून दुसरी केली. गळ टाकायच्या काठीला उभी बांधली. माझ्यासारखीच, हातांनी. म्हणून तिचा आवाज इतका बारीक. बर्म्युडाच्या माणसाला ती ऐकू येते, पण कष्टाने. मंगळवारी पाचला ती पहिल्यांदा स्वतः सांगणार होती की झालं काय. मी “आत्या” एवढं ऐकलं. नंतर तू दोरी कापलीस.

मी तुला त्याबद्दल शिव्या देणार होते. चार वाक्यं तयार होती. पण काल दुपारी क्लेमां बुद्रो आला. तो आता सिडनीला म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहतो. तिथे खिडकीबाहेर टॉवेल वाळत घालायला बंदी आहे, तारेचं नावच नको. क्लबात मोठा खांब असलेला एकच सभासद. तो मुलीकडे आल्बर्टाला गेलाय आणि घराला कुलूप. त्यामुळे क्लेमां माझ्याच अंगणात येऊन वर बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, “सेडीबाई, ही तार अशी कुणी बांधली?”

“मी. झाडं होती तिथे.”

“झाडं कुठे आहेत हे तारेला सांगून काय उपयोग? तार टोकाने ऐकत नाही. कुशीने ऐकते. तुमचं एक टोक रस्त्याकडे, एक समुद्राकडे. म्हणजे तिची बहिरी बाजू तुम्ही नेमकी समुद्राकडे केलीत.”

“पुस्तकात होतं ते,” मी म्हणाले.

“पुस्तकात होतं, परीक्षेत होतं, तुम्ही बरोबर उत्तरही लिहिलं असेल. तुम्ही स्कॉट लोक. समोर अख्खा अटलांटिक, आणि कान डोंगराला लावून बसता.”

“आणि तुम्ही फ्रेंच लोक आधी हसता आणि मग मदत करता.”

“मी अजून हसलो नाही,” म्हणाला. आणि मग हसला. “खरं सांगू? तुमच्या भावाने फार काही बिघडवलेलं नाही. ही तार तिच्यासाठी आधीपासून बहिरीच होती. त्यात इतकी ठेंगणी, की अर्धा आवाज सरळ ढगांत.”

किटली हातात होती. स्वतःला कसं आवरलं देव जाणे.

तर हे असं आहे, लॉकी. मी उन्हाळाभर खपून जी गोष्ट उभी केली ती चुकीच्या दिशेने केली. तू ती रागाने तोडलीस. आपण दोघांनी मिळून त्या पोरीला ऐकू न येण्याची उत्तम व्यवस्था केली.

आता तार उत्तर-दक्षिण घालायला हवी, आणि उंच. माझी पट्टी त्या दिशेने तारेपेक्षा अरुंद आहे. उत्तरेला टोरॉन्टोच्या लोकांनी समुद्र दिसावा म्हणून सगळी झाडं पाडली, तिथे त्यांच्या आरामखुर्च्यांशिवाय काही उभं नाही. उभी तार लावून पाहिली, विजेच्या तारांची घरघर सोडून काही आलं नाही. टोकं दुमडून चालतील का विचारलं. क्लेमां म्हणाला, चालतील, आवाज जाडजूड असेल तर. तिचा धाग्यासारखा आहे. उत्तरेचं टोक आम्ही माझ्या छपरावर लोखंडी पाइप जोडून उंच करू. दक्षिणेचं टोक तुझ्या गोठ्यामागच्या स्प्रूसच्या झाडाला जायला हवं. दुसरी जागा नाही. सगळीकडे फिरून पाहिलं.

मला तुझी परवानगी हवी आहे. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

सेडी

---

शुक्रवार, २० सप्टेंबर, संध्याकाळी

लॉकी,

दुपारी तू स्प्रूसखाली उभा होतास. मी पाहिलं. हातात माझं पत्र होतं आणि तू वर बघत होतास. मला वाटलं, आता शिडी आणेल. तू गोठ्यात गेलास आणि दार लावून घेतलंस.

तुझ्या मनात काय आहे मला माहीत नाही. कधी माहीत होतं? झीन गेली, ऊना आईवेगळी झाली, तेव्हाही तू असाच गोठ्यात होतास, आणि जेवायला हाक मी मारायची.

आज पाचला जे झालं ते सांगते, कारण ते तुझ्याशी संबंधित आहे.

एक मालवाहू जहाज तिच्या दक्षिणेकडून हॅलिफॅक्सला येतंय. कप्तान वाट वाकडी करून रविवारी पहाटे तिच्यापर्यंत यायला तयार आहे. बचावकेंद्राने सगळं ठरवलंय. फक्त तिने हो म्हणायला हवं, आणि उद्या संध्याकाळच्या हजेरीपर्यंत म्हणायला हवं. त्यानंतर जहाज फार पुढे गेलेलं असेल. सोमवारी वादळ. तिने बुधवारी नाही म्हटलं होतं. आज पुन्हा नाही म्हणाली. जहाजावर माणूस घेतात, होडी घेत नाहीत. होडी तिथेच सोडावी लागेल.

बर्म्युडाच्या माणसाने तिचे शब्द मला पुन्हा म्हणून दाखवले, कारण मला ती ऐकू येत नाही. म्हणाला, “ती म्हणते, चादरीवर चाललंय, ठीक आहे, मी होडी घेऊनच येणार. ती म्हणते, आत्याला सांगा हात बरा आहे.”

हात बरा आहे असं माणूस कधी सांगतं? दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. डोलकाठी पडली तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं मधे सापडली. बोटांचा रंग तिने सांगितला. मी तो इथे लिहिणार नाही.

ती होडी का सोडत नाही हे तुला आणि मला ठाऊक आहे. झीनने तिच्या नावे ठेवलेला किनाऱ्याकडचा जमिनीचा तुकडा विकून तिने होडी घेतली, तेव्हा तू तुझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, “ती होडी विकल्याशिवाय या दारात पाय ठेवू नकोस.” मी तिथेच होते, ओटची बिस्किटं घेऊन आले होते. ती म्हणाली, “मग होडीतूनच येईन.” आपल्या गिलिसांच्या घराण्याची पोर आहे. आजोबांची हनुवटी, तुझा हट्ट, आणि जीभ बहुधा माझी. ती तिथे बुंध्याला चादर बांधून पाणी उपसतेय, कारण होडीशिवाय आली तर तू जिंकलास, असं तिला वाटतं.

आता पुढचं. मी आज खोटं बोलले. बर्म्युडाच्या माणसाला म्हणाले, तिला सांगा, तुझे बाबा म्हणतात, बाळ, होडीची काळजी करू नकोस, सुखरूप घरी ये, आम्ही सर्व जण तुझी वाट पाहत आहोत. त्याने सांगितलं. तिच्या उत्तराच्या जागी मला नुसती खरखर. मग तो म्हणाला, आणि त्याला बोलायला अवघड जात होतं हे मला कळत होतं:

“ती म्हणते, बाबा असं बोलत नाहीत. ती म्हणते, आत्याला सांगा, प्रयत्न चांगला होता.”

क्लेमां शेजारी बसला होता. या वेळी तो हसला नाही.

सेडी

---

शनिवार, २१ सप्टेंबर, सकाळी

लॉकी,

हे पत्र मी हाताने तुझ्या दाराच्या फटीतून सरकवतेय. तुझ्या पत्रपेटीत टाकून वाट बघायला वेळ नाही. खालून दिव्याचा उजेड दिसतोय, म्हणजे तू जागा आहेस. दार मी वाजवणार नाही.

काल तुझ्या वतीने आणखी वाक्यं लिहून पाहिली. साधी केली, लहान केली. सगळ्यांत स्वल्पविराम येतात. तू आयुष्यात वाक्यात स्वल्पविराम घातला नाहीस. सिस्टर सेंट इग्नेशियसनी मला खोटं न बोलायला शिकवलं आणि त्या कामात त्या कमी पडल्या, पण बरं खोटं बोलायला मला कुणीच शिकवलं नाही. मी खोटं बोलते तेव्हा फार सभ्य होते. ऊनाला ते लहानपणापासून कळतं. दात पडला तेव्हा मी म्हणाले होते, अजिबात दुखणार नाही हं, राणी. ती म्हणाली, आत्या, तू राणी म्हणालीस, म्हणजे खूप दुखणार.

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात, आणि दोन्ही तुझ्याकडे आहेत. तुझं झाड हवं, म्हणजे ती माझा आवाज ऐकेल, बर्म्युडाच्या अनोळखी माणसाचा नाही. त्याच्या तोंडून आलेलं काहीही तिला रचलेलंच वाटणार. आणि तुझं एक वाक्य हवं, तुझ्या अक्षरात, कागदावर. ते वाक्य समोर असलं की मी जसंच्या तसं वाचेन आणि माझा आवाज सभ्य होणार नाही. वाक्य गोड असायची गरज नाही. शिवी असली तरी चालेल. “होडी खड्ड्यात जाऊ दे” असं लिहिलंस तर मी तेच वाचेन, सगळा अटलांटिक ऐकत असताना. रेडिओवर शिवी द्यायला मनाई आहे, माझा परवाना जाईल. जाऊ दे. परत परीक्षा देईन.

तुझ्याबद्दल वाईट लिहायला बसले होते आणि लिहिता येत नाहीये. काल फ्लोरा संध्याकाळी आली, हातात भांडं, मटणाचं सूप. म्हणाली, “लॉकी दुपारी दुकानात आला होता. रिळावरची सगळी नायलॉनची दोरी मागत होता, आणि मग काही न घेताच गेला.” मी विचारलं, काही बोलला का? “म्हणाला, इतकी बारीक दोरी वाऱ्यात टिकते का. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी साखर विकते.”

टिकते, लॉकी. बारीकच लागते. जाड दोरी भिजली की जड होते आणि तार ओढून तोडते. आणि झाडाला घट्ट बांधायची नाही, झाड वाऱ्यात हलतं. कप्पीवरून घेऊन खाली वजन टांगायचं, म्हणजे झाड डोललं की वजन वर-खाली होतं आणि तार ताठ राहते. तुझ्या धक्क्यावर पिंजरे ओढायच्या कप्प्या आहेत, त्यातली लहान चालेल. वजनाला विटा चालतील. फांदीवर दोरी टाकायला क्लेमां गळाची काठी घेऊन दुपारी येतोय. गेल्या खेपेला त्याचा नेम चुकून वजन माझ्या काचेवर बसलं. तू पोरवयात दगड टाकून त्याच स्प्रूसवरचे कावळे उठवायचास, आणि तुझा एकही दगड काचेला लागला नाही. हे मी केवळ माहिती म्हणून लिहितेय.

आणखी एक नियम आहे. तो तुला ठाऊक असायचं कारण नाही. मायक्रोफोनवर बोलायला परवाना लागतो, पण परवानाधारक माणूस शेजारी बसून लक्ष ठेवत असेल तर दुसरं कुणीही बोलू शकतं. परीक्षेत हा प्रश्न होता. माझ्या टेबलाशी खुर्च्या दोन आहेत. क्लेमां उभा राहील, त्याला बसायला सांगितलं की तो फार बोलतो. बोलताना बटण दाबून धरायचं, बोलून झालं की सोडायचं, नाहीतर पलीकडचं ऐकू येत नाही. तुझ्या-माझ्यासारख्यांना कठीण जातं, पण जमतं.

यावर मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. तू येशील म्हणून मी दुसरा कप काढून ठेवणार नाही. तसे कप मी पूर्वी पुष्कळ काढून ठेवले आहेत.

तू कागदावरही काही दिलं नाहीस तर काय करेन तेही सांगते, म्हणजे नंतर गावाला सांगताना तुझी चूक व्हायला नको. चार वाजता माझी शिडी तुझ्या स्प्रूसला लागेल. तुझी पाटी मी वाचलेली आहे. पोलिसांना बोलाव. बॅडेकवरून त्यांना यायला वेळ लागतो, तोवर सत्तरी ओलांडलेली तुझी बहीण तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडावर दिसत राहील. पाचला मी खाली येईन आणि ऊनाला सांगेन की तुझ्या बाबांना विचारलं, लेखी विचारलं, आणि उत्तर आलं नाही. खरं तेच सांगेन. माझा आवाज तिला ओळखू येईल. आणि मग ती होडी सोडणार नाही.

हजेरी पाचला आहे. तार चढवायला तासभर लागतो. म्हणून मला लेखी उत्तर हवं: झाडाला हो की नाही, आणि खाली तिच्यासाठी एक वाक्य, सही करून. माझ्या मागच्या दाराच्या पायरीवर, दगडाखाली, आज शनिवारी दुपारी चारच्या आत.

सेडी